पाटी नसलेलं घर

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून पोलिसांचं प्रशिक्षण सुरू झालं. मार खाऊन आलेल्या बाईशी कसं बोलायचं, तिला सुरक्षित कसं ठेवायचं, गावाला पोलिसांचा आधार कसा वाटेल, असा आठवडाभराचा वर्ग. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या वेगवेगळ्या ठाण्यांतून बत्तीस जण आलेत. आमच्या संस्थेकडे दोन विषय आले आणि ते दोन्ही माझ्या गळ्यात पडले. समुपदेशनाचं काम मी अकरा वर्षं करतेय, पण तिथं समोर एकटी बाई असते. आज समोर खाकीची भिंत. माईक टेबलावर ठेवला आणि तशीच मोठ्यानं बोलले.

मागच्या रांगेत सर्जेराव म्हणून एक हवालदार आहेत, निवृत्तीला आलेले. ते सरळ झोपलेच होते. मी विचारलं, मारहाण झालेली बाई ठाण्यात आली तर पहिला प्रश्न काय विचाराल? त्यांनी डोळे मिटूनच उत्तर दिलं, "का मारलं, ह्ये इचारायचं. उगं कोण मारतंय व्हय?"

सगळे हसले. एक जण हसला नाही. दिग्विजय नाव त्याचं, इंदापूर तालुक्यातल्या एका ठाण्यात शिपाई आहे, पस्तिशीचा असेल. चहाच्या वेळी जवळ येऊन म्हणाला, "मॅडम, मनावर घेऊ नका. जुनी माणसं आहेत. पण ऐकणारेही आहेत वर्गात."

सांगवीला घरी पोचेपर्यंत तेवढ्या एका वाक्यावर तरले.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज नाटक करून दाखवायचं होतं. मी तक्रार घेऊन आलेली बाई आणि समोर एकेक पोलीस. सर्जेरावांनी उभ्या उभ्या नाव, गाव, नवऱ्याचं नाव विचारलं आणि "उद्या या, आज साहेब न्हाईत" म्हणून मोकळे झाले. आणखी एक जण माझ्याशी बोलता बोलता मोबाइल बघत होता.

मग दिग्विजय आला. आधी त्यानं दार लोटून घेतलं. खुर्ची बाजूला सारून माझ्यापेक्षा खाली, पायरीवर बसला. पाण्याचा ग्लास माझ्या हाताशी ठेवला. मग हळू विचारलं, "तुम्हाला आत्ता सुरक्षित वाटतंय का?" आणि थोड्या वेळानं, "यात तुमची काही चूक नाही."

नाटक होतं ते, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वर्गात टाळ्या पडल्या.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो कडुनिंबाखाली बायकोशी व्हिडिओवर बोलत होता. काय केलंय जेवायला, दाखव. कोण आलंय घरात, जरा फिरव बघू फोन. "आमची उत्कर्षा एकटी असते ना वस्तीवर, काळजी वाटते," मला म्हणाला. दिवसातून चार-पाच वेळा तरी करतो म्हणे. इतकी वर्षं नवऱ्यांच्या एकाहून एक तऱ्हा ऐकल्या, त्यात असा एखादा दिसला की बरं वाटतं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी माझा दुसरा विषय झाला. बाई घर सोडते तेव्हा काय काय होतं. मी सांगितलं, ती रागाच्या भरात निघत नाही. आधी मनात निघते. आधार कार्ड, पोरांचे दाखले, दोन साड्या अशी एक पिशवी भरून कुठंतरी बाजूला ठेवते. तिची ही तयारी ओळखा आणि तिला मदत करा. बाकीचे जांभया देत होते. दिग्विजय लिहून घेत होता. त्यानं विचारलं, "मॅडम, पिशवी बहुतेक कुठं ठेवतात?" म्हटलं, शेजारणीकडे, नाहीतर मुलांच्या शाळेतल्या बाईंकडे. कधी गोठ्यात, वैरणीखाली. मला प्रश्न आवडला. काम करायचं असलेल्या माणसाचा प्रश्न होता.

दुपारी सगळ्यांना आमचं निवारा घर दाखवलं. ही कल्पना माझीच. पाटी नसलेलं घर आहे ते. गल्लीत राहणाऱ्यांनाही तिथं नेमकं काय चालतं हे ठाऊक नाही. पण पोलिसांनी ते बघितलं तर त्यांना आपलं वाटेल, असं मी बैठकीत ठासून सांगितलं होतं. तिथलं सगळं बघणाऱ्या फुलाबाई नाराज होत्या. "एवढी बाप्या मानसं कशाला घिऊन आलाईसा?" म्हणाल्या. तरी चहा केला सगळ्यांना. दिग्विजयनं स्वतःचा कप विसळून ठेवला, तेव्हापासून मात्र त्यांचा सूर बदलला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

समारोप. उत्कृष्ट प्रशिक्षणार्थी म्हणून दिग्विजयचा सत्कार झाला. नाव मीच सुचवलं होतं. फोटोत मी त्याच्या शेजारी उभी आहे. सर्जेराव जाताना म्हणाले, "ताई, चांगलं सांगितलंसा तुमी. पण वर्गातलं येगळं आन ठाण्यातलं येगळं." माणूस बदलायला तयारच नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

कारखाने सुरू झाले. उसाच्या ट्रॉल्यांमागून सरपटत ऑफिसला पोचले, तर एक बाई पायरीवर बसून होती. तिशीच्या आतली. डोक्यावरचा पदर कानाशी घट्ट धरलेला. इंदापूर तालुक्यातल्या कुठल्याशा वस्तीवरून आली आहे. दवाखान्याचं सांगून निघाली होती, तासाभरात परत जायचं म्हणाली.

नाव विचारलं तर म्हणाली, "नकोशी. चौथी पोरगी झाली म्हून बापानं ठिवलं. लग्नात बदललं, पर तुमी त्येच लिवा. त्ये तरी माजं हाय."

डाव्या कानानं तिला नीट ऐकू येत नाही. नवऱ्याचं नाव, काम, काहीच सांगायला तयार नाही. "नोकरी हाय त्यास्नी," एवढंच. मीही ओढून विचारलं नाही. बाईनं जेवढं सांगितलं तेवढं घ्यायचं, हेच तर आपण शिकवतो. सहा वर्षांची मुलगी आहे, श्रेया. सासू आहे घरात, ती मध्ये पडत नाही. नवरा बाहेर असला की सारखा फोन करतो आणि कुठं आहे ते फोन फिरवून दाखवायला लावतो. आज फोन मुद्दाम घरी चुलीशी ठेवून आली होती. विसरला म्हणून सांगणार.

एक गोष्ट तिनं सांगितली ती डोक्यातून जात नाही. "आदी मारायचे आन जायाचे. आता मारून झालं की म्होरं बसत्यात. पानी देत्यात. आन इचारत्यात, तुला आत्ता सुरक्षित वाटतंय का. मी व्हय म्हनूस्तवर उटत न्हाईत."

आपला प्रश्न कुठल्या घरात जाऊन पोचला! एसटी स्टँडवर लावलेल्या आमच्या भित्तिपत्रकावर तो आहे, तिथून तिच्या नवऱ्यानं उचलला असणार.

म्हटलं, पोलिसांत जाऊया, मी येते बरोबर. ती उठूनच उभी राहिली. "पोलिसाचं नाव काढू नगा." ही भीती जायला अजून किती वर्षं लागणार आहेत कोण जाणे. एक पिशवी भरून ठेव म्हणून सांगितलं. कशी, कुठं, सगळं समजावलं. मान हलवून गेली.

२६ नोव्हेंबर, बुधवार

नकोशी आली. रिकाम्या हातानं. ओठ फाटलेला आणि पायात दोन वेगवेगळ्या चपला.

पिशवी तिनं शेजारच्या वस्तीवरच्या बाईकडे ठेवली होती. काल नवरा स्वतः तिथं गेला, गोड बोलून पिशवी घेऊन आला आणि हिच्यासमोर एकेक वस्तू मांडली. "त्यास्नी कसं कळलं, ताई? म्या कुनालाबी बोलले न्हवते. त्ये थेट तितंच गेले." मला वाटतं, शेजारणीनंच सांगितलं असणार. खेड्यात काही लपत नाही.

श्रेया शाळेत असताना तिला निघावं लागलं, त्यामुळे मुलगी मागेच राहिली. जाऊन आणू म्हणत होती, मीच अडवलं. निवारा घरात नेलं. फुलाबाईंनी गरम पाणी काढून दिलं आणि स्वतःचं लुगडं नेसायला दिलं. रात्री फुलाबाईंचा फोन आला, ती झोपत नाहीय, दाराकडे तोंड करून बसून आहे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

मुलीचं काहीतरी करायला हवं. नकोशी जेवत नाही. दोनदा चालत निघाली, फुलाबाईंनी कोपऱ्यावरून परत आणली. रीतसर मार्गानं मुलगी आणायची तर पोलीस बरोबर हवेत, आणि ती तर पोलीस म्हटलं की दाराकडे जाते.

खूप विचार करून दिग्विजयला फोन केला. नाव-गाव काही सांगायचं नाही, नुसता सल्ला घ्यायचा, असं ठरवून. म्हटलं, तुमच्या भागातली एक बाई आमच्याकडे आलीय, मुलगी मागे राहिलीय, काय करावं? तो म्हणाला, "बाई आता कशी आहे? कोणाशी काय बोललीय का?" म्हटलं, काही बोलत नाही, फार घाबरलीय. "बरोबर. तिच्या कलानं घ्या. कुठं ठेवलंय तेही मला फोनवर सांगू नका मॅडम, नियम म्हणजे नियम. मुलीचं मी बघतो."

फोन ठेवल्यावर किती हलकं वाटलं. नाव विचारलं नाही, पत्ता विचारला नाही. एक माणूस जरी असा तयार झाला तरी त्या आठवड्याचं सार्थक झालं, असं आईला जेवताना म्हणाले. नकोशीला अजून काही सांगितलं नाही. मुलगी समोर आली की सांगेन, पोलिसांनी आणली म्हणून.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी संस्थेच्या बैठकीला होते. दुपारी निवारा घरात गेले तर फुलाबाई दारातच हसत उभ्या. "तुमचं त्ये साहेब आलतं की! कप विसळनारं. साध्या कापडात. पोरगी घिऊन आलतं."

"मग? नकोशी कुठाय?"

"गेली की त्यांच्यासंगं. पोरगी पळत आली, आई म्हनून मिठी मारली. त्ये दारात हुबं होतं. चल घरी, म्हनलं. बाईनं कापडं बदलली. माज्या हातात माजं लुगडं दिलं घडी करून आन गेली."

मी तिथंच पायरीवर बसले. फुलाबाई विचारत होत्या, काय झालं ताई, काय चुकलं का?

त्याची उत्कर्षा. नकोशीचं लग्नात बदललेलं नाव.

दिग्विजयच्या ठाण्यात गेले. तिथल्या साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, नवरा-बायको आहेत. ती स्वतःच्या पायांनी गेलीय. तुम्हीच तर सांगताय." मी ओरडले बहुतेक. बाहेर आल्यावर सर्जेराव मागून आले. त्यांचंही ठाणं तेच. टोपी हातात होती.

"उद्या सकाळी जाऊ. मी येतो."

"आत्ता का नाही?"

"आज त्याची सुट्टी हाय, घरीच असंल. आपन दारात गेलं की तिचंच हाल व्हतील. उद्या त्याला ड्यूटी हाय."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "ठान्यात समद्यास्नीच ठाव हाय. मागं एकदा आलती ती. मीच माघारी धाडली."

उद्या जाऊ म्हणाले, आणि मी बरं म्हटलं. तिथं दुसरं काही सुचलं नाही. आत्ता सुचतंय. एकटीनं जायला हवं होतं.

३० नोव्हेंबर, रविवार

शेळगावच्या पुढं, उसात आत दिग्विजयची वस्ती आहे. सर्जेराव, मी आणि फुलाबाई. सासू दगडाबाई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. आम्हाला बघून उठली नाही, नुसतं आतल्या खोलीकडे बोट केलं.

खोलीला बाहेरून कडी होती.

ती जमिनीवर पडली होती. जबडा एका बाजूला सरकलेला, चेहरा ओळखू येत नव्हता. श्वास घेताना घरघर होत होती. श्रेया तिच्या पायांशी बसली होती. फुलाबाईंनी नकोशीचं डोकं मांडीवर घेतलं. सर्जेराव दारातच थांबले. त्यांनी दगडाबाईला विचारलं, "म्हातारे, रातभर काय करत व्हतीस?"

"कानावर उशी ठिवून पडले व्हते," दगडाबाई म्हणाली.

श्रेयाला आजीनं सोडलं नाही. आम्ही नकोशीला गाडीत घालून बारामतीला आणलं. डॉक्टर म्हणाले, जबडा दोन ठिकाणी मोडलाय आणि तीन बरगड्याही. डाव्या कानानं आता अजिबात ऐकू येणार नाही. काल संध्याकाळीच आणलं असतं तर, असं ते काही म्हणाले नाहीत. मीच विचारलं. ते म्हणाले, "आता ते विचारून काय करणार?"

२ डिसेंबर, मंगळवार

जबाब घ्यायला ठाण्याचा माणूस आला तो दिग्विजयला बरोबर घेऊनच. "जिन्यावरून पडली ना, ताई?" जबाब घेणाऱ्यानं नकोशीला विचारलं. वस्तीवरच्या त्या घराला जिनाच नाही. तिनं होय म्हणून मान हलवली. दिग्विजय खाटेच्या पायथ्याशी उभा होता. हातात संत्री.

मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, तिला आत्ता समुपदेशनाची गरज आहे. तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त आहे." तोच आवाज. पायरीवर बसून माझ्याशी बोलला होता तो. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. काहीतरी खोटं दिसेल, काहीतरी सापडेल, असं वाटलं. काही सापडलं नाही.

दुपारी सर्जेराव आले. नकोशीच्या उजव्या बाजूला, ऐकू येणाऱ्या कानाशी खाली वाकले. नेहमीसारखं खेकसून नाही, पण गोडही नाही. म्हणाले, "बाई, तू बोल नायतर नगं बोलू. मी माजा जबाब दिऊन आलोय वर, मोठ्या साहेबांकडं. तू ठान्यात आलतीस त्ये, मी तुला धाडली त्ये, आन परवा काय बघितलं त्ये. समदं."

मी बाहेर त्यांना विचारलं, आता का? ते चिडले. "का म्हंजी? दोन म्हैन्यांनी घरी बसायचंय मला. पेन्शन अडवत्यात का काय, हाच इचार चाललाय सकाळधरनं. तुमी आनि का म्हून इचारताय."

५ डिसेंबर, शुक्रवार

तपास दुसऱ्या ठाण्याकडे गेला. न्यायदंडाधिकारी स्वतः दवाखान्यात आले. सगळ्यांना बाहेर काढलं, मलाही. नकोशीचा जबडा तारेनं बांधलाय, त्यामुळे प्रश्न विचारायचे आणि तिनं हात हलवून सांगायचं, असं चाललं. दोन तास लागले. संध्याकाळी दिग्विजयला अटक झाली, निलंबनही.

आनंद होईल असं वाटलं होतं. फक्त डोकं दुखतंय.

आज फुलाबाईंनी मला एक प्रश्न विचारला. "ताई, त्या दिवशी बत्तीस जन चा पिऊन गेलं. त्यातलं आनि कितीजन असं हायेत?" निवारा घरात चार बायका होत्या. त्यांतल्या एकीनं हे ऐकलं आणि तासाभरात माहेरी निघून गेली, ज्या माहेरानं तिला हाकललं होतं तिथंच.

१६ डिसेंबर, मंगळवार

त्याला जामीन मिळाला. गावात जायचं नाही, बायकोला भेटायचं नाही, अशा अटी आहेत. अटी.

सकाळी दगडाबाई दवाखान्यात आली, श्रेयाला घेऊन. पोरीचे केस विंचरून दोन वेण्या घातल्या होत्या. खाटेशी आली नाही. दारातूनच पोरीला आत ढकललं आणि मला म्हणाली, "त्यो आज सुटंल. आल्यावर पोरगी कुठाय म्हनंल. म्या सांगीन, हरवली."

"तुम्हाला मारेल तो."

"मारंल की. त्याच्या बापाचाबी मार खाल्ला, त्याचं काय घिऊन बसलाय?"

एसटीला पैसे देऊ केले तर घेतले नाहीत. श्रेया आईच्या खाटेवर चढून तिच्या पोटाशी निजली. नकोशीच्या बरगड्या दुखत असणार, पण तिनं पोरीला हलू दिलं नाही.

३० डिसेंबर, मंगळवार

निवारा घर रिकामं केलं. नवी जागा दुसऱ्या गावात घेतली, आमच्यातही दोघींनाच ठाऊक आहे. मला सांगू नका असं मीच बैठकीत म्हटलं. कुणी आग्रह केला नाही, त्याचं वाईट वाटलं आणि मग वाईट वाटल्याचं वाईट वाटलं.

प्रशिक्षणाच्या साहेबांचा फोन आला. पुढची तुकडी फेब्रुवारीत आहे. "तुमचा विषय छान झाला होता मॅडम. झालं ते दुर्दैवी, पण एका माणसामुळं कार्यक्रम थांबवून कसं चालेल?" त्यांचंही खरं आहे. सर्जेरावांसारख्यांना कुणीतरी सांगायलाच हवं. पण पिशवीबद्दल बोलले नाही तर त्यांना काय शिकवणार? आणि बोलले तर पहिल्या रांगेत कोण बसून लिहून घेईल? कळवते म्हणाले. अजून कळवलेलं नाही.

८ जानेवारी, गुरुवार

नकोशीला आज दवाखान्यातून सोडलं. तार निघाली आहे, पण तोंड बोटभरच उघडतं. नव्या जागेत चल म्हटलं, मी नाही, दुसरी ताई नेईल. तिनं मानेनंच नाही म्हटलं. भाऊ, मावशी, कोणी आहे का? त्यावर ती श्रेयाचे केस सारखे करत राहिली. खटल्याच्या तारखांना कशी येणार? "वकीलबाईला ठाव हाय," म्हणाली. मला नाही.

संस्थेची ओम्नी मीच चालवत होते. मागे फुलाबाई, नकोशी, श्रेया आणि एक पिशवी. पिशवी नकोशीनं मांडीवरून खाली ठेवली नाही. एसटी स्टँडच्या अलीकडे तिनं माझ्या खांद्याला हात लावला. "हितंच थांबवा."

फुलाबाईंनी श्रेयाच्या हातात चिवड्याची पुडी दिली आणि पदरानं डोळे पुसत मागेच बसून राहिल्या. मी खाली उतरले. मला माफी मागायची होती. चार दिवस वाक्यं जुळवत होते. तिनं ती बोलू दिली नाहीत. माझा हात धरला, थोडा वेळ धरून ठेवला, मग सोडला.

"ताई, तुमी वाईट न्हाय," ती दातांतून म्हणाली. "पर तुमी लई लवकर इस्वास ठेवता."

मी म्हटलं, कुठल्या गाडीत बसतेस तेवढं बघून जाते. गर्दी आहे, पोरगी बरोबर आहे.

"नगं. आदी तुमी माघारी जा. तुमची गाडी गेलेली मला दिसली पायजे."

ती तिथंच उभी राहिली, पोरीचा हात धरून, माझ्या गाडीकडे बघत. मी गाडी वळवली. आरशात दोघी दिसत होत्या. मी हात लांब करून आरसा उलटा फिरवला आणि सांगवीचा रस्ता धरला.